येळवशीला मोजलेलं स्टेशन

गंगाखेडकडच्या शेतकरी घरात वाढलेली, अर्थशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेली, देशाच्या वाहतुकीचे अंदाज बांधणाऱ्या एका मोठ्या कचेरीत नोकरीला लागलेली एक बाई ऐन येळवशीच्या दिवशी रेल्वेच्या हॉल्टवर प्रवासी मोजायला उभी राहिली. ती बाई मीच. नातवंडांना मी सांगत असते, बाळांनो, मूर्खपणालाही शिक्षण लागतं. अडाणी माणसाला इतका नीटनेटका मूर्खपणा जमत नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ऐन थंडीत येते. त्या दिवशी आमच्या बाजूची गावंच्या गावं रिकामी होतात. घराला कुलूप, शाळेला दांडी, दुकानं बंद, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, सगळ्या शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर खायची आणि मडक्यातली आंबील प्यायची. वाटेने जाणाऱ्या परक्या माणसालाही हाका मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी रस्त्यावर कोणी दिसलाच तर तो परगावचा असतो, नाहीतर घरी भांडून निघालेला.

हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नका. ठाऊक होतं म्हणून तर ती तारीख मीच धरली होती. सणाला सुट्टी मागितली असती तर साहेबांनी नाक मुरडलं असतं. मोजणीचा दौरा लावला की सरकारी भत्त्यावर घरची आंबील मिळत होती. माझ्या डोक्यात दोन खोल्या होत्या. एकीत येळवस, दुसरीत मोजणी. मधलं दार मी उघडलंच नाही.

आणि त्या मोजणीवर काय ठरणार होतं? तर लिंबाळा हॉल्टवर सकाळ-संध्याकाळची पॅसेंजर गाडी इथून पुढे थांबणार की नाही, ते.

संपादकबाईंनी बजावलंय की वाचक रेल्वेतले नाहीत, सगळं फोडून सांगा. तर आमचा धंदा असा. पुढच्या वीस वर्षांत या देशातली माणसं कुठून कुठे जातील, कशाने जातील, आणि त्यांचा कापूस, सिमेंट, साखर कोण वाहील, हे आज बसून सांगायचं. त्यावरून रूळ कुठे टाकायचे, पूल कुठे बांधायचा, कुठला फलाट मोडीत काढायचा ते वर ठरतं. वर जाडजूड ग्रंथ निघतो. त्यातली एकेक ओळ म्हणजे एकेक स्टेशन, आणि त्या ओळी भरणारे आम्ही. आज किती माणसं चढली-उतरली ते मोजायचं, त्याला वर्षाच्या दिवसांनी गुणायचं, मग लोकसंख्या वाढेल, कमाई वाढेल, त्याप्रमाणे प्रवास किती वाढेल याचा गुणक लावायचा. कुडमुड्या जोशी आणि आम्ही एकाच जातकुळीचे. फरक इतकाच की त्याचं चुकलं तर गिऱ्हाईक दारात येऊन शिव्या देतं, आमचं चुकेपर्यंत आमची बदली झालेली असते.

आता थांब्याचं गणित. गाडी एखाद्या हॉल्टवर थांबते तेव्हा तिथे चढणाऱ्यांचा फायदा होतो आणि आत आधीपासून बसलेल्यांची काही मिनिटं जातात. दोन्हीची किंमत काढून तागडीत टाकायची. मिनिटाची किंमत कशी काढायची? ज्याची कमाई जास्त त्याचं मिनिट महाग. कापडाच्या व्यापाऱ्याचं मिनिट महाग, कारकुनाचं मध्यम, मजुराचं स्वस्त, आणि जी कमावत नाही, म्हणजे शाळेत जाणारी पोरगी, तिच्या मिनिटाची किंमत जवळजवळ काहीच नाही. हे मी शिकले तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. उलट किती शास्त्रशुद्ध, म्हणून मी वहीत खाली दोन रेघा मारल्या होत्या.

तेव्हाची मी तुम्ही पाहायला हवी होती. पस्तिशीच्या आतली, डोळ्यांवर तव्याएवढा चष्मा, खांद्याला कातडी बॅग, आणि बोलताना दर चौथं वाक्य ‘आकडे असं सांगतात’ म्हणून सुरू. आकडे मला येऊन सांगायचे, जणू शेजारीण भिंतीवरून सांगते तसे.

या आकड्यांना कोण कसं बनवतं ते मला परभणीच्या मोंढ्यातल्या एका कापसाच्या अडत्याने शिकवलं होतं. मोंढा म्हणजे आमचा बाजार. त्याच्या गादीवर बसून मी विचारलं, पुढच्या दहा वर्षांत तुम्ही किती गठाणी रेल्वेने पाठवाल?

तो म्हणाला, “बाई, उद्याचा भाव मला ठाव न्हाई, अन् तुमी दहा वर्साचं इचारायलाव?”

“अंदाजे सांगा, शेटजी.”

“अंदाजे ना? मंग लिवा.” आणि त्याने असा आकडा सांगितला की अख्ख्या तालुक्यात कापसाशिवाय दुसरं काही उगवू नये.

मी लिहिला. त्याच्या शेजारच्या चौघांनीही तसेच सांगितले, तेही लिहिले. पुढे कळलं की कमी सांगितलं तर डबे कमी मिळतात, म्हणून विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला फुगवूनच सांगायचं हा बाजाराचा रिवाज होता. त्या आकड्यांवर एका स्टेशनाला नवा मालधक्का मंजूर झाला. बांधूनही झाला. कापूस ट्रकने गेला. मालधक्क्यावर आजही गवत चांगलं येतं आणि शेळ्या सुखाने चरतात. म्हणजे ज्यांनी थापा मारल्या त्यांना सिमेंटचा धक्का मिळाला. लिंबाळ्याच्या लोकांना थापा मारायचीही संधी मिळाली नाही, कारण मी गेले त्या दिवशी गावात कोणी नव्हतंच.

लिंबाळा हॉल्ट म्हणजे काय, एक पत्र्याचं शेड, एक लिंबाचं झाड आणि कमिशनवर तिकिटं विकणारा गावातलाच एक एजंट. नियम तीन दिवस मोजायचा होता. एवढ्याशा हॉल्टला एक दिवस पुष्कळ झाला, असं मी माझ्या अधिकारात ठरवलं. तिकिटांचा हिशेब होता की, असं तुम्ही म्हणाल. होता. पण रोज जाणारी-येणारी माणसं मासिक पास काढतात, आणि पास गंगाखेडला निघायचे. जिथे पास निघाला तिथल्या नावावर प्रवासी चढतो. म्हणजे कागदावर लिंबाळ्याची पोरं गंगाखेडची होती. हीच गफलत पकडायला तर प्रत्यक्ष मोजणी असते.

सकाळची गाडी आली. एक म्हातारा चढला. गाडी हलल्यावर तो खिडकीतून ओरडला, “अरे, ही उलटी जायलीय!” त्याला परळीकडे जायचं होतं आणि तो परभणीच्या गाडीत बसला होता. मी त्यालाही धरला. चढले : एक.

माझ्या हाताखाली रोजंदारीवर दोन मोजणीदार होते. त्यांना शेजारच्या शेतातून हाका आल्या. “या की पाव्हणे, आंबील प्या!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उदार होऊन मान हलवली. आंबिलीने जी सुस्ती येते ती ज्यांनी प्यायली त्यांनाच ठाऊक. ते दोघे संध्याकाळच्या गाडीची शिट्टी ऐकून उठले आणि अंगाला चिकटलेला कडबा झटकत धावत आले. तेव्हाही उतरलं कोणीच नव्हतं.

मी मात्र दुपारी आमच्या शेतात जाऊन आले होते. लिंबाळ्याचा शिवार ओलांडला की आमची जमीन लागते. मायने कोपीपुढे घोंगडं अंथरलं होतं. आमच्या रानात राधाबाईची मेंढरं बसवलेली होती. खतासाठी मेंढपाळाला सांगून कळप रात्रीचा रानात बसवून घेतात, तसा. म्हणून राधाबाई आणि तिची मुलगी मथुरा दोघी जेवायला होत्या. लिंबाळ्याच्याच त्या.

माय वाढता वाढता म्हणाली, “शके, आज तं सारं गाव रानात हाय. तू कोन मोजलीस मंग?”

“जो आला तो मोजला.”

“कोन आला?”

“एक म्हातारा.”

मायच्या हातातली पळी भज्जीत पडली. ती आणि राधाबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मला राग आला. शास्त्रीय कामाला या बायका हसतात म्हणजे काय.

मथुरा हसली नाही. चौदा-पंधराची असेल. दोन वेण्या, त्यांना शाळेच्या लाल फिती. सणालाही तिने त्या सोडल्या नव्हत्या. ती म्हणाली, “आक्का, तुमी गाडी मोजायलाव म्हनं?”

“गाडी नाही गं, गाडीतली माणसं.”

“मी रोज जाती. नववीला हाय. सकाळच्या गाडीनं गंगाखेडला जाती, सांच्या गाडीनं येती. आमी लय जनी जातो.”

“आज गेलीस का?”

“आज येळवस हाय की, आक्का! आज कोन जातंय?”

कोणीही शहाणं माणूस तिथे ताटावरून उठलं असतं. मी भज्जी वाढून घेतली.

अहवालात लिंबाळ्यापुढे मी लिहिलं, ‘प्रवासी नगण्य’. नगण्य हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. लिहिला की आपण कुठेतरी उंचावर उभ्या आहोत असं वाटायचं. साहेबांनी ओळ न वाचता सही केली. नवीन वेळापत्रक आलं तेव्हा गाडी थोडी लवकर पोचायला लागली. परभणीला उतरणारे लोक खूश झाले. मीही खूश झाले, कारण तो वाचलेला वेळ गुणून मी एक तक्ता केला होता आणि त्याचं कौतुक झालं होतं.

पुढच्या थंडीत माहेरी गेले. राधाबाईची मेंढरं रानात होती, मथुरा नव्हती. मी सहज विचारलं.

राधाबाई मेंढीच्या पायातला काटा काढत होती. वर न बघता म्हणाली, “लगीन केलं तिचं. गाडी थांबंना झाली, मंग कशी जाईल? जीपंत मानसं कोंबत्यात. तिच्या बापानं शाळा बंद केली. आता नवऱ्यासंगं ऊस तोडाय गेलीय, लांब, घाटाखाली.”

“आणि बाकीच्या मुली?”

“बाकीच्या बी तशाच.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस झाला नाही हे जसं सांगावं तसं तिने सांगितलं. त्या वेळी तिला मी कोण, मोजलं कोणी, हे जोडून पाहायचं सुचलं नाही की तिने मुद्दाम जोडलं नाही, मला आजवर कळलेलं नाही. मीही सांगितलं नाही. मेंढीचे पाय धरायला मदत केली, तेवढंच.

कचेरीत परतल्यावर मी दुरुस्तीचं टिपण लिहायला बसले. खरं लिहायचं तर एक वाक्य पुरे होतं, की मोजणी सणाच्या दिवशी केली, चूक माझी. त्याऐवजी मी दोन पानं लिहिली. त्यात ‘हंगामी चढउतार’ होते, ‘नमुन्याच्या मर्यादा’ होत्या, मी कुठेच नव्हते. बढतीची यादी त्या महिन्यात निघायची होती.

साहेबांनी टिपण वाचून मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “मॅडम, पुन्हा मोजू या की. जा, मोजून या.”

मी गेले. या वेळी तीन दिवस. बाजाराचा दिवस धरला, शाळेचा दिवस धरला, सगळं नियमाप्रमाणे. गाडी लिंबाळ्यावरून धडधडत गेली. शेडखाली मी एकटीच उभी. जी गाडी थांबतच नाही तिच्यात चढणार कोण? तिन्ही दिवस माझ्या कागदावर शून्य. साहेब म्हणाले, “बघा, तुमचाच अंदाज खरा निघाला. शून्याला कशानेही गुणा, मॅडम.” ते माझं अभिनंदन करत होते.

आमच्या धंद्यातली ही सगळ्यात भेसूर गोष्ट. पाऊस पडणार नाही असं म्हणून कोणी ढग अडवू शकत नाही. आम्ही मात्र इथून कोणी जाणार नाही असं म्हणतो, त्यावरून गाडी काढून घेतात, मग खरंच कोणी जात नाही, आणि आमची अचूकता वाढते. माझ्या सेवापुस्तकात अचूक अंदाजांबद्दल चांगले शेरे आहेत. त्यांत लिंबाळाही आहे.

मग पुष्कळ वर्षं गेली. बढती मिळाली. दिल्ली झाली, दक्षिण झाली. मी मोठमोठे अंदाज केले. रस्ता आणि रेल्वे यांत माल कसा वाटला जाईल याच्या बैठकांत तावातावाने बोलले. एका बैठकीत एका मोठ्या हुद्द्याच्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, “उत्तर काय काढायचं आहे ते ठरलंय ना? मग गणित कशाला लांबवता?” मी हसले होते. त्या खात्यात हसणं हीसुद्धा एक कार्यपद्धती आहे. निवृत्त झाल्यावर परभणीत लेकाकडे आले. कृषी विद्यापीठाच्या बाजूला घर आहे, संध्याकाळी फिरते, ऑटोवाल्यांशी भाड्यावरून हुज्जत घालते. नातू म्हणतो, आजी, तू दहा रुपयांसाठी का भांडतेस? मी म्हणते, अरे, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रवासाच्या किमती ठरवल्या, आता स्वतःच्या ठरवू दे.

दोन वर्षांपूर्वी रश्मी नावाची एक मुलगी घरी आली. पुण्याची, सल्लागार कंपनीतली, माझ्या सुनेहून लहान. आमच्या बाजूच्या मार्गाचा नवा अंदाज त्यांच्या कंपनीकडे होता. कुठले थांबे राखायचे, कुठले नव्याने द्यायचे, हेही त्यात होतं. स्थानिक जाणकार म्हणून त्यांना माझी सही हवी होती. जाणकार! मी चहा टाकायला आत गेले आणि गॅससमोर उभी राहून हसून घेतलं.

तिने लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला. आता रस्त्यावर माणसं उभी करत नाहीत. लोकांच्या खिशातले मोबाईल कुठून कुठे हलतात ते ठिपक्यांनी दिसतं. नाव नाही, गाव नाही, नुसते ठिपके. परभणी-पूर्णा वारुळासारखं हलत होतं. लिंबाळ्याला चार ठिपके शेतातून घरी जायचे आणि घरून शेतात.

“इथून विशेष कोणी जात नाही, मॅडम,” रश्मी म्हणाली.

“इथल्या पोरींकडे फोन असतो का गं?”

“घरटी एक तरी असतोच ना.”

“तो कोणाच्या खिशात असतो?”

पोर हुशार. लॅपटॉप मिटून म्हणाली, “आजी, म्हणजे मी मुली मोजल्याच नाहीत.” मॅडमची आजी मी त्या क्षणी झाले. माझ्यापेक्षा ती हजार पटींनी बरी, तिला एका वाक्यात कळलं. मला ताट भरून वाढलं होतं तरी कळलं नव्हतं.

आम्ही दोघी लिंबाळ्याला गेलो, घरोघर विचारायला. गाडी थांबली तर घरातलं कोण जाईल, आत्ता कसं जातं, कोण जायचं थांबलं? येळवस नाही ना, हे मी पंचांगात तीनदा पाहिलं. रश्मीला वाटलं म्हातारी मुहूर्त बघतेय.

शेवटच्या गल्लीत एका दारात शेळ्यांना पाला घालणारी बाई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “शकूआक्का नव्हं तुमी?”

मथुरा. पाठीतून थोडी वाकलेली, समोरचा एक दात नसलेली. ऊसतोडीत बरीच वर्षं काढून, नवऱ्याचं कंबरडं गेल्यावर दोघं लिंबाळ्यातच येऊन राहिली होती. शेळ्या होत्या, मजुरी होती. धाकटी मुलगी कावेरी गंगाखेडला अकरावीला होती. जीपने जायची. संध्याकाळची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे परतायला अंधार व्हायचा, आणि अंधार व्हायला लागला की घरात रोज तेच भांडण.

रश्मीने विचारलं, “गाडी थांबली तर कावेरी त्या गाडीने जाईल?”

आतून कावेरीच बोलली, “थांबली तर? ताई, मी पळत जाईन.”

खाटेवरून तिचा बाप म्हणाला, “पळायची गरज न्हाई. पुढच्या साली बघायलोच मी तिचं लगनाचं.” त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. थकलेला माणूस ओझं उतरवायची जागा बघतो, तसा तो बोलला. कावेरी दारातून मागे सरली आणि भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला.

त्या दिवशी मथुराला मी काही बोलले नाही. रश्मी बरोबर होती, असं कारण मी स्वतःला दिलं.

महिन्याभराने रश्मीचा फोन आला. सगळं नीट धरून हिशेब केला होता. लिंबाळा काठावर आलं होतं. चढणाऱ्या माणसांच्या संख्येवर पास, पण मिनिटांच्या किमतीत नापास. गाडीत आता लांबचे, नोकरीवाले लोक जास्त, त्यांची मिनिटं महागलीत. लिंबाळ्याच्या बाजूने तागडीत कोण? कॉलेजच्या पोरी, दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या, मजुरी शोधणाऱ्या बाया. त्यांची मिनिटं अजून तिथेच आहेत जिथे मी दोन रेघा मारून ठेवली होती.

“मग काय करायचं, आजी? गुणक थोडा इकडे धरला तर आत येतं. पण वर विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे. तुमचं मत लेखी द्याल? स्थानिक परिस्थिती म्हणून तुम्ही ठामपणे लिहिलं तर मी जोडू शकते.”

इथे मला रडू आलं असं लिहिलं तर वाचकांना बरं वाटेल, पण आलं नाही. आला तो संताप, आणि तोही कोणावर काढावा ते कळेना. तेव्हा खोटं मोजलं म्हणून थांबा गेला. आता खरं मोजलं तरी जायच्या बेतात. मग मी ती चूक केलीच नसती तर काय झालं असतं? कदाचित हेच, थोडं उशिरा. हा विचार माझ्या फार सोयीचा होता, आणि सोयीचा होता म्हणूनच मला त्याची किळस आली. त्या उशिरात मथुराची दहावी झाली असती.

मत लिहायला बसले. पुन्हा दोन पानं झाली. ‘सामाजिक लाभ’ आला, ‘सुप्त मागणी’ आली. म्हातारपणी तरी एक वाक्य सरळ लिहावं माणसाने! कागद तसाच ठेवला, ऑटो केली आणि लिंबाळ्याला गेले. ऑटोवाल्याने सांगितलेलं भाडं त्या दिवशी निमूट दिलं.

मथुरा दारातच होती. कावेरी कॉलेजला गेलेली, नवरा आत झोपलेला. मी बाहेरच्या ओट्याच्या कडेला टेकले आणि एकदाचं सांगून टाकलं. तो थांबा मी काढला. तुझी गाडी मी घालवली. येळवशीला माणसं मोजली, तू समोर बसून सांगत होतीस तरी मी ऐकलं नाही, आणि नंतर कळलं तेव्हा माझ्या बढतीपायी मी ते लिहिलं नाही. आताही एक कागद माझ्याकडे आलाय आणि तो कसा लिहावा ते मला कळत नाही. नियमाने बघितलं तर जमत नाही.

ती पाला तोडत होती, तोडतच राहिली. एका शेळीने तिच्या पदराला तोंड लावलं, तो तिने सोडवून घेतला. आत नवरा खोकला तसा तिने आवाज खाली आणला. मला वाटलं होतं ती रागावेल, नाहीतर जाऊ द्या म्हणेल. दोन्ही ऐकायची मी तयारी करून गेले होते. ती म्हणाली :

“आक्का, गाडी बंद झाली त्या दिशी माझ्या बापानं मारुतीला नारळ फोडला. त्याला माझी शाळा आधीच सोडवायची व्हती, पन माय आडवी पडायची, मास्तर घरी यायचे, त्याला कारन घावत नव्हतं. ते तुमी दिलं. आता कावेरीचा बाप बी कारनच हुडकायलाय. त्याला तेवढं देऊ नगा.”